संध्याकाळची गोळी

सकाळची गोळी घेतल्यावर अंग मोकळं व्हायला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ दोरवाला ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि त्याची बायको दोर वळायच्या चाकापाशी बसून त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहायची. अंगठा आपोआप शेजारच्या बोटावर घासत असायचा. त्याच्या मनावर ते नव्हतं.

“नोटा मोजून झाल्या की सांगा,” ती म्हणायची.

त्याचा चेहरा हलायचा नाही. दुखण्यानं तो वाळलेल्या मातीसारखा करून टाकला होता. पण त्याला हसू आलंय हे तिला कळायचं. कसं कळायचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग अंगठा मंद व्हायचा, दोनचारदा उगाच उडायचा आणि थांबायचा. तो मान वळवून बघायचा, पाय खाली सोडायचा, उठायचा. ती त्याच्या कमरेभोवती वाख, अंबाडीचे झोडून मोकळे केलेले धागे, गुंडाळून द्यायची. चिमूटभर वाख ओढून तो चाकाच्या आकड्याला अडकवायचा, ती मूठ फिरवू लागायची, आणि तो एकेक पाऊल मागे टाकत जायचा. कमरेचा वाख बोटांतून सुटायचा, त्याला पीळ बसायचा, आणि दोघांच्या मधलं सूत लांब लांब होत जायचं. घराच्या बाजूला त्यासाठी साठ पावलांची सरळ पट्टी राखलेली होती. सूत जमिनीला टेकू नये म्हणून मध्ये मध्ये खुंट रोवले होते. चाळीस वर्षं तो असा तिच्याकडे तोंड करून तिच्यापासून लांब जात आला होता. रस्त्यानं जाणारे त्याला उलटेराव म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी दुखणं सुरू झालं तेव्हा आधी पुढे चालणं बिघडलं. उंबऱ्यापाशी, दाराच्या चौकटीत, चार माणसं उभी असतील तिथे त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. पट्टीवर मात्र, गोळी चढलेली असली की, तो चालायचा. सूत ताणलेलं असतं, ते मला धरून ठेवतं, असं तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं.

गोळ्या दिवसाला तीन. एक गोळी चढली की साडेतीन-चार तास अंग त्याचं असायचं, मग उतरायची. सकाळची आणि दुपारची या दोन चाकाच्या होत्या. संध्याकाळची घराची. त्या गोळीवर तो आपली दाढी आपण करायचा, आपल्या हातानं जेवायचा. लांबच्या गावी दिलेल्या थोरलीचा रविवारी फोन यायचा, तिच्याशी बोलायला त्याला त्याच गोळीनं आवाज यायचा. आणि ऊन उतरलं की दोघं रस्त्यानं जाऊन यायची. कुठे जायचं असं काही नसायचं. दिवसभर ती त्याला समोरून बघायची, पावलागणिक लहान होत जाताना. संध्याकाळी तो शेजारी असायचा. शेजारी असला की त्याच्या अंगाचा वाखाचा वास यायचा. दिवसभर ती त्या तासाची वाट बघायची. पण तसं तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. या वयात ते काय बोलायचं.

त्या वर्षी होड्यांचा हंगाम तोंडावर आला होता. नदीला पाणी चढायच्या आत होडीवाले जुने दोर टाकून नवे घेतात. चाळीस दोरांचं काम अंगावर होतं आणि सकाळपासून कोरडा वारा सुटायचा. वाख बोटांत टोचायचा, घशात जायचा.

अशात ती गोळ्या आणायला गेली. औषधवाला एरवी तिला बघताच न विचारता फळीवरची पेटी काढायचा. त्या दिवशी त्यानं दोन्ही हात काउंटरवरच ठेवले.

“वहिनी, आधी भाव ऐकून घ्या,” तो म्हणाला.

भाव दीडपट झाला होता. वर्षात दुसऱ्यांदा. माझ्या हातात काही नाही, वरूनच छापून येतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. जणू त्याचीच चोरी पकडली गेली होती. दुसरी स्वस्तातली नाही का, असं तिनं विचारलं. होती, साधी, दोनच तास टिकणारी. पण तिच्यात फायदा राहत नाही म्हणून कंपनीनं ती काढणंच बंद केलं होतं. तिच्यामागे खोकल्याचं औषध घ्यायला एक माणूस उभा होता. तो एकदा घड्याळाकडे बघायचा, एकदा तिच्या पिशवीकडे. तिनं महिन्याच्या ऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतल्या आणि पिशवीचं तोंड उगाच घट्ट धरून बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं भाव सांगितला. दोरवाल्याला कुठलीही किंमत दोरात कळायची.

“आधी एका दोराला किती गोळ्या यायच्या?” त्यानं विचारलं.

“पाच.”

“आता?”

“तीन. वर थोडं काही उरेल.”

तो वाखाची जुडी हातात धरून विचार करत बसला. “म्हणजे गोळीच्या जिवावर दोर वळायचा आणि दोराच्या जिवावर गोळी खायची,” तो म्हणाला. “आपण काय, मधे चालणारे.”

दोन दिवसांनी विम्याचा एजंट आला. अकरा वर्षांपूर्वी, दुखण्याचा मागमूस नव्हता तेव्हा, याच मुलानं त्यांचा विमा उतरवला होता. तेव्हा तो सायकलवर यायचा, आता मोटरसायकलवर. वाखाच्या गठ्ठ्यावर बसून त्यानं कागद काढला आणि काकांना साठी पूर्ण झाल्याबद्दल आधी शुभेच्छा दिल्या. मग सांगितलं की साठी ओलांडली की हप्ता वाढतो. जवळजवळ दुप्पट होतो.

“गोळ्यांचे पैसे देतो का तुझा विमा?” दोरवाल्यानं विचारलं.

“गोळ्यांचे नाही, काका. एक रात्र तरी दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.”

“म्हणजे पडून राहिलो तर पैसे. चालतोय तोवर नाही.”

एजंट हसला. मग आपण हसायला नको होतं असं वाटून त्यानं पँटला चिकटलेला वाख झटकायला सुरुवात केली. तसंच म्हणा, तो म्हणाला. पण बंद मात्र करू नका, या वयात हे दुखणं घेऊन गेलात तर नवा विमा तुम्हाला दारात उभं करणार नाही. अकरा वर्षं भरलेलं सगळं फुकट जाईल. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. जाताना तो पट्टीच्या कडेकडेनं गेला, सुताला धक्का न लावता. तेवढा तो चांगला होता.

तीन गोळ्यांच्या दोन कराव्या लागणार, हे दोघांनाही कळलं होतं. कोणती सोडायची, हे उच्चारायची पाळी कोणावर येते एवढंच राहिलं होतं.

“संध्याकाळी तसाही आता उकाडा असतो,” शेवटी ती म्हणाली. “फिरणं काही होत नाही.”

“तुला आवडतं ना?”

“काय आवडायचंय त्या धुळीत,” ती म्हणाली आणि वाख झोडायला उठली. त्या दिवशी तिनं तो गरजेपेक्षा जास्त झोडला.

पाच वाजता दुपारची गोळी उतरायची. आधी आवाज जायचा, मग हात, मग मान. दिवेलागणीला तो ओट्यावर फळीसारखा बसलेला असायचा. ती त्याला घास भरवायची, हनुवटी पुसायची, मधेच गिळायला विसरला तर गळ्यावरून हलकेच बोट फिरवायची. त्याला कुशीवर वळवायचं तर आधी गुडघे वळवायचे, मग खांदा, हे तिला येऊ लागलं. काम म्हणून त्यात अवघड काही नव्हतं. दोराच्या भेंडोळ्यापेक्षा तो हलका होता. पण त्याचे डोळे सगळं बघत असायचे, आणि ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

रविवारी थोरलीचा फोन आला. बायकोनं फोन त्याच्या कानाशी धरला. त्यानं ओठ हलवले. नुसती हवा बाहेर आली.

बाबा माझ्यावर रागावलेत का, थोरलीनं विचारलं. आई म्हणाली, नाही गं, तोंडात घास आहे. थोरली म्हणाली, मग संपू दे, मी थांबते. आणि ती थांबली. लांबच्या त्या घरात पंखा फिरत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. इकडे तो ओठ हलवत राहिला. शेवटी थोरलीची रात्रपाळीला जायची वेळ झाली.

त्याच आठवड्यात होडीवाला तयार दोर बघायला आला. दोरवाल्याला तो कित्येक वर्षं ओळखत होता, पण सकाळच्याच वेळी. संध्याकाळचा दोरवाला त्यानं पाहिला नव्हता. समोर उभा राहून त्यानं दोनदा हाक मारली आणि मग तिच्याकडे वळला.

“याला कळतं का काही?”

“सगळं कळतं.”

होडीवाल्यानं दोर हातात घेतला, अंगठ्यानं दाबला, उलट फिरवून पेड उघडतात का बघितलं. मग म्हणाला, पीळ ढिला वाटतो. हे सहा दोर कमी भावात धरू. ती म्हणाली, सकाळी या, त्यांच्याशीच बोला. तो म्हणाला, आता त्यांच्याशी काय बोलायचं. बोलताना त्यानं दोरवाल्याच्या खांद्यावर थोपटलं. म्हाताऱ्या बैलाला थोपटावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा थांबला, तोंड सुटलं, तेव्हा त्याचे पहिले शब्द होते: “पीळ ढिला नव्हता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

त्या दिवशी ती वाख भिजवायला गेलेली असताना त्यानं गोळ्यांचं पाकीट काढलं. वाख छाटायची सुरी दगडावर घासली, फळकुटावर एक गोळी ठेवली आणि मधोमध कापली. कण सांडला नाही. हातांनी अजून आपल्याला सोडलं नाही, याचं त्याला बरं वाटलं. त्यानं आणखी काही कापल्या. आयुष्यभर त्यानं एकच गोष्ट कापली होती. दोर अर्धा कापला की दोन दोर होतात. टोकं नीट बांधली की झालं. लांबी निम्मी होते, ताकद तीच राहते. गोळीचंही तसंच असणार, असं त्यानं धरलं. अर्ध्या गोळीचे दोन तास. त्या दोन तासांत हात जरा जास्त उचलला तर सूत तेवढंच निघेल. उरलेली अर्धी बाजूला. अर्धे तुकडे त्यानं कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी अर्ध्या गोळीवर अंग पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांतच सुटलं. ती चाकापाशी येऊन बसायच्या आत तो उभा होता.

“आज नोटा कमी होत्या वाटतं,” ती म्हणाली.

तो भरभर चालला. खांदे नको तेवढे डोलत होते, मान आपोआप बाजूला जात होती. पण सूत चांगलं निघालं. तिला वाटलं, वारा थांबलाय म्हणून असेल. त्याला वाटलं, आपण उगाच सहा वर्षं अख्ख्या गोळ्या खाल्ल्या. एक तासानं अंग जड व्हायला लागलं तेव्हा तो लघवीचं निमित्त करून बसला, आणि उरलेलं काम दुपारवर ढकललं.

तिसऱ्या दिवशी तो चाळीस पावलं गेला होता. मुठीतून तिच्या हाताला सुताची थरथर कळायची. तो खोकला, त्याला ठेच लागली, वाखात गाठ आली, सगळं चाकाकडे बसून कळायचं. त्या दिवशी सूत काहीच कळवेनासं झालं. ते नुसतं ताणलेलं राहिलं. तिनं वर बघितलं. तो उभा होता, एक पाय मागे, दोन्ही हात छातीशी, आणि पुढचं पाऊल येत नव्हतं. मग तो हळूहळू मागे कलायला लागला.

चालत्या सुतावर मूठ सोडायची नसते. सोडली की चाक उलटं गरगरतं, पीळ माघारी धावतो आणि सगळ्या सुताचा गुंता होतो. हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि चाळीस वर्षांत तिनं ती एकदाही सोडली नव्हती. तिनं मूठ सोडली आणि धावली. चाळीस पावलं तिला वेळेत कापता आली नाहीत. तो पाठीवर पडला, डावा हात अंगाखाली सापडला.

त्याला उठवताना खिशातून पुडी पडली. तिनं ती उघडली. पांढरे, नीट कापलेले अर्धे तुकडे. तिनं पुडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

“हे काय?”

आवाज जवळजवळ गेलाच होता. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

“संध्याकाळसाठी,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून बघितला. मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालावं लागलं, चार आठवड्यांचं. मग त्यांनी ती पुडी हातात घेतली आणि त्या बऱ्याच रागावल्या. ही गोळी आतून थरांची असते, त्यांनी सांगितलं, एकेक थर सावकाश सुटतो म्हणून चार तास पुरते. कापली की सगळं एकदम बाहेर येतं आणि लगेच संपतं.

दोरवाल्यानं ते नीट ऐकून घेतलं. तिथे त्याला अख्खी गोळी दिली होती, आणि ती चढली होती.

“म्हणजे दोर नाही,” तो म्हणाला. “अंडं आहे.”

बाईंना हसू आलं. पण त्यांनी बजावलं की निदान दोन गोळ्या रोज गेल्याच पाहिजेत, आणि अख्ख्या. कोणत्या वेळी घ्यायच्या ते तुमच्या सोयीनं ठरवा, फक्त घड्याळ मोडू नका. आता घरी न्यायला हरकत नाही.

तो बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती परत आत गेली. टेबलाच्या कडेला हात ठेवून तिनं खालच्या आवाजात विचारलं, आजची एक रात्र इथेच ठेवता येईल का. बाईंनी पेन खाली ठेवलं. हे त्यांना विचारणारी ती पहिली नसावी. त्या म्हणाल्या, ठेवता येईल, पण विमा खाटेचे आणि प्लास्टरचे पैसे देईल, घरच्या गोळ्यांचे नाही देणार. मग कशासाठी ठेवायचं?

“नाही, मी आपलं सहज विचारलं,” ती म्हणाली. बाहेर येईपर्यंत तिचे कान गरम झाले होते.

घरी पट्टीवर सुताचा गुंता तसाच पडला होता. उलटा धावलेला पीळ उकलत नाही, कापूनच टाकावा लागतो. दोन दिवसांनी सकाळी ती सुरी घेऊन बसली. तो ओट्यावर, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. होडीवाल्याला तिनं निरोप पाठवला होता, आणि त्याचा उलट निरोपही आला होता. यंदा नायलॉनचे घेतो, म्हणाला होता. झालेल्या दोरांचे पैसे तेवढे त्यानं पाठवले, सहाचे कमी भावानंच.

“आता महिनाभर चाक नाही,” ती म्हणाली. “मग दुपारची गोळी कशाला घ्यायची? संध्याकाळची घ्या.”

“आणि चाक नाही तर गोळ्या कशावर आणायच्या?”

“डब्यात आहेत पैसे.”

“ते हप्त्याचे आहेत.”

“होते,” ती म्हणाली.

तो तिच्या हातातल्या सुरीकडे बघत होता. गुंत्याचे तुकडे तिच्या पायाशी साचत होते. अकरा वर्षं भरलंय, तो म्हणाला. ती म्हणाली, माहीत आहे, दर वर्षी मीच नेऊन दिलेत.

“उद्या मोठं काही झालं तर?”

“परवा पडलात तेव्हा कोण धावलं? विमा धावला?”

“तू किती दिवस धावणार?”

तिचा उजवा खांदा मूठ फिरवून फिरवून कधीचा दुखत होता आणि हाताला कळ यायची, हे त्याला माहीत होतं.

“ते मला नाही सांगता येणार,” ती म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. “पण मला संध्याकाळ पाहिजे.”

एवढं बोलून तिला लाज वाटली, आणि ती तुकडे गोळा करून चुलीकडे घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी महिना संपत होता. एजंटचा फोन आला. आवाजावरून तो उभा असावा. काकू, अजून आजचा दिवस आहे, तो म्हणाला. नंतर मला काही करता येणार नाही. तिनं त्याची, त्याच्या बायकोची विचारपूस केली आणि नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली. मग घड्याळात साडेचार झाले, आणि तिनं गोळी आणि पाणी नेऊन दिलं.

रविवार होता. अंगठा थांबायला त्या दिवशी वेळ लागला. सव्वापाच वाजले, साडेपाच होऊन गेले. थोरलीचा फोन वाजला तेव्हा आवाज नुकताच परत येत होता. तिनं फोन त्याच्या हातात दिला, उजव्या, चांगल्या हातात.

“घास संपला गं,” तो म्हणाला.

मग थोरली एकदम खूप बोलायला लागली. तिच्या शेजारणीबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, धाकट्या मुलाच्या शाळेबद्दल. तो हं हं करत राहिला. हाताचं त्यानं सांगितलं, पण घसरलो एवढंच. तोवर त्याची बायको दाढीचं सामान घेऊन बाजूला उभी होती. चांगल्या हातानं त्यानं दाढी केली, हनुवटीखाली थोडी राहिली. ती म्हणाली, राहू दे, पलीकडच्या बाजूनं मी चालते, मला नाही दिसायची.

दोघं रस्त्याला लागली. बऱ्याच दिवसांनी शेजारी चालायचं म्हणजे पावलं जुळेनात. तो दोन पावलं पुढे जायचा, मग थांबायचा. मग तिनं त्याच्या कोपरात हात घातला आणि जमलं. वारा पडला होता. कापणी झालेल्या शेतांत खुंट उभे होते आणि त्यांच्या सावल्या लांब गेल्या होत्या. तो बोलत होता. तोंड बंद असताना साठलेलं सगळं त्याला बोलायचं होतं. होडीवाल्याच्या हाताला कसा वास येतो. त्या सहा दोरांतला तिसरा दोर आपण वळलेल्या सगळ्या दोरांत चांगला होता. लग्नानंतर ती पहिल्यांदा चाकावर बसली तेव्हा तिनं ते उलटं फिरवलं होतं, आणि तो मुद्दाम बोलला नाही, साठ पावलं तसाच गेला, कारण तिचा चेहरा तेव्हा फार गंभीर होता.

“मग तुमच्या वडिलांना सांगितलंत का नाही?” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर त्यांनी तुला उठवलं असतं.”

जिथून दोघं एरवी मागे वळायची, ते कुंपण आलं. तिचा पाय सवयीनं थांबला. गोळी उशिरा चढली होती, आणि उशिरा चढलेली गोळी लवकर, कधी तासाभरातही, उतरते, हे तिला सहा वर्षांत कळून चुकलं होतं. इथून वळलं तर घर नीट गाठता येईल. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो पुढे बघत होता.

“अजून थोडं,” तो म्हणाला.

अंगठा स्वस्थ होता, पण खांद्यात ती ओळखीची ताठरता यायला लागली होती. तिच्या हाताला कोपरातून ती कळत होती. आता वळू या म्हणणं तिच्या तोंडाशी आलं. वळलं तर उद्याचं सगळं तिथेच वाट बघत होतं. बंद चाक, रिकामा होत जाणारा डबा, आणि आजपासून पाठीशी कोणी नाही ही गोष्ट.

“चला,” ती म्हणाली.

कुंपणाच्या पुढे रस्ता किंचित उताराला लागतो. तिथून दोघं कित्येक वर्षांत गेली नव्हती. एका बाजूला कोणीतरी नवी विहीर खणली होती आणि ओल्या मातीचा ढीग पडला होता. त्यानं थांबून माती बघितली, मुरूम लागलाय म्हणाला. पुढे रस्त्याखालून ओढ्याची मोरी जाते. तिच्या कठड्यापर्यंत दोघं पोचली तेव्हा त्याची पावलं बारीक झाली होती. मग आणखी बारीक. मग पाय जागच्या जागी नुसते थरथरले. तिनं त्याला कंबरेला धरून सावकाश वळवलं आणि कठड्यावर बसवलं. आपणही बसली.

आधी हात गेले. उजवा हात हवेत अर्धवट राहिला होता, तिनं तो धरून आपल्या मांडीवर ठेवला. वीटभट्टीची गाडी अंधार पडायच्या आत याच रस्त्यानं माघारी जाते. तिला हात करायचा, असं तिनं मनाशी ठरवलं. गाडीवाला ओळखीचा नव्हता, पण थांबेल. नाही थांबला तर दुसरं काही बघावं लागेल.

मोरीखाली पाणी नव्हतं. दगडांवर दोन पांढरे पक्षी उभे होते. ऊन त्यांच्या पाठीवरून निघून गेलं आणि पलीकडच्या काठावर चढलं. त्याच्या अंगाला वाखाचा वास नव्हता आता, दाढीच्या साबणाचा होता. हनुवटीखाली राहिलेले पांढरे केस तिला दिसत होते. त्याचा आवाज जायच्या बेतात होता, पण अजून पुरता गेला नव्हता. तिला ऐकू यावं म्हणून त्यानं जोर लावला.

“बसू या अजून थोडा वेळ,” तो म्हणाला.

त्याला उठता येणारच नव्हतं. पण त्यानं ते असं म्हटलं, की जणू उठणं-बसणं सगळं त्याच्याच मनावर होतं. ती हसली.

“बसू की,” ती म्हणाली. “मला कुठे घाई आहे.”